नवजात बाळांच्या फोटोंसाठी पहिला स्टुडिओ लाइट निवडताना

खिडकीच्या उजेडाला तोड नाही, हे मी आजही मानते. पातळ पांढरा पडदा ओढला की मोठा, मऊ, एका बाजूने येणारा प्रकाश आपोआप मिळतो. बाळांचे फोटो काढायला मी त्याच उजेडात शिकले. तरीही स्टुडिओ लाइट घ्यायचं ठरवलं, त्याला कारण नवजात बाळांचीच कामं होती.

मुटकुळं करून गाढ झोपलेलं बाळ, हे फोटो साधारण पहिल्या दोन आठवड्यांत सहज जमतात. नंतर बाळ अंग ताणायला लागतं, झोप सावध होते. त्या मोजक्या दिवसांतही बाळ कधी पोटभर दूध पिऊन झोपेल ते त्याचं त्यालाच माहीत. दोन तास थोपटून, गुंडाळून, पुन्हा पाजून ते एकदाचं झोपतं आणि तोवर खिडकीत उजेड उरलेला नसतो. मग आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) वाढवत न्यायचा आणि बाळाच्या गालावरची ती कोवळी लव दाणेदार होताना पाहायची. माझ्या जिवाला ते फार लागायचं.

दुसरं कारण जास्त तांत्रिक आहे. बाळ दोन्ही तळहातांवर हनुवटी टेकून बसलंय, असा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. तो एका क्लिकमध्ये काढत नाहीत, काढूच नये. नवजात बाळाची मान स्वतःचं डोकं पेलू शकत नाही. त्यामुळे एका फोटोत मदतनीस वरून डोकं धरतो, दुसऱ्यात मनगटं धरतो, आणि दोन्ही फोटो नंतर जोडून हात पुसले जातात. बाळाला कोणीतरी सतत धरलेलंच असतं. आता हे दोन फोटो बेमालूम जुळायचे तर दोन्हींत प्रकाश तंतोतंत सारखा हवा. मधल्या काही सेकंदांत ढग सरकला तर गळ्याजवळचा सांधा कितीही घासला तरी दिसतोच. प्रत्येक वेळी तेवढाच आणि तिथूनच येणारा प्रकाश हवा, म्हणजे लाइट हवा, इथपर्यंत मी आले.

कुठला लाइट, हा प्रश्न मात्र वाटला त्याहून मोठा निघाला. पहिला फाटा होता फ्लॅश की सतत जळणारा एलईडी.

एलईडीकडे माझा ओढा होता, कारण त्यात जे दिसतं तेच फोटोत येतं. सावली नाकाखाली कुठे पडते, कानामागे किती अंधार होतो, हे डोळ्यांना दिसतं. शिकणाऱ्याला याहून मोठी मदत नाही. व्हिडिओचं काम करणाऱ्या एका मैत्रिणीकडून मी ६० वॅटचा एलईडी आणि त्याचा सॉफ्टबॉक्स (पांढऱ्या कापडातून प्रकाश गाळून मऊ करणारा डबा) आणला. खऱ्या बाळावर प्रयोग करायचे नाहीत हे मी आधीच ठरवलं होतं, म्हणून नवजात बाळाएवढी बाहुली घेतली, तिला दुपट्यात गुंडाळलं आणि बीनबॅगवर झोपवलं. (बाहुलीचं प्लॅस्टिक चमकतं, त्यामुळे त्वचेचा रंग तपासायला तिच्याशेजारी स्वतःचा हात ठेवायचा. ही सवय मला अजून उपयोगी पडते.)

सॉफ्टबॉक्सच्या दोन्ही कापडांतून गाळून आलेला तो उजेड दीड मीटरवर एफ/२.८ (हा आकडा जितका लहान तितकं भिंगाचं छिद्र, म्हणजे अॅपर्चर, उघडं) आणि १/१२५ सेकंदाला आयएसओ ८००च्या आसपास मागत होता. आजच्या कॅमेऱ्यांना आयएसओ ८०० काही जड नाही. झोपलेल्या बाळाला १/१२५ पुरतोही. पण मला एफ/४ किंवा एफ/५.६ हवं होतं. बाळाच्या चेहऱ्याच्या इतक्या जवळ एफ/२.८ वापरलं तर पापण्या स्पष्ट आणि नाकाचा शेंडा धूसर, असं होतं. एफ/५.६ला आयएसओ ३२००वर जातो, म्हणजे ज्या दाण्यांपासून सुटायचं होतं तिथेच परत. मोठा, १५० किंवा ३०० वॅटचा एलईडी घेतला की हे सुटतं, पण मग दुसरी अडचण उभी राहते: तो झगझगीत उजेड सेशनभर खोलीत भरून राहतो. झोपलेल्या बाळाला त्याचं फारसं काही नसतं. जागं बाळ मात्र डोळे बारीक करतं, तोंड फिरवतं. मंद उजेडात नवजात बाळ आपणहून डोळे उघडतं आणि तो टक लावून पाहणारा चेहरा मला हवाच होता. शिवाय मोठ्या एलईडीला पंखा असतो. त्याची घरघर एकसारखी असल्याने बाळ उठत नाही, पण तो मध्येच चालू-बंद होणारा असेल तर उठू शकतं.

एलईडी घ्यायचाच असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगून ठेवते, कारण मी त्या तपासल्या होत्या. एक, लुकलुक. स्वस्त दिव्यांचा उजेड वीजप्रवाहाबरोबर सेकंदाला १०० किंवा १२० वेळा कमीजास्त होतो. डोळ्यांना ते कळत नाही, पण वेगवान शटरवर फोटो काढून पाहिले की फोटोत आडवे पट्टे दिसतात किंवा एकामागोमाग एक फोटो गडद-फिके येतात. लाइट अगदी मंद करून १/५०० आणि १/१०००ला काही फोटो काढले की खरं-खोटं समजतं. दुसरी, रंग. खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ असं लिहिलेलं असतं. तो आकडा पहिल्या आठ फिकट रंगनमुन्यांची सरासरी असते, आणि गडद लाल रंगाचा नमुना, ज्याला आर९ म्हणतात, त्या सरासरीत धरलेलाच नसतो. नवजात बाळाची त्वचा म्हणजे तर लालसरपणाचाच खेळ. त्यामुळे आर९चा आकडा वेगळा दिलेला असेल तरच विश्वास ठेवावा, आणि तो ९०च्या वर असावा असं माझं मत आहे.

हॅलोजनचे जुने गरम दिवे मी यादीतच घेतले नाहीत. नवजात बाळाच्या खोलीत आधीच २६-२८ अंशांची ऊब ठेवलेली असते. त्यात तापणारा, हात लागला तर भाजणारा दिवा कशाला?

मग फ्लॅश. त्याला माझा विरोध नव्हता, धास्ती होती: बाळाच्या डोळ्यांना त्रास होईल का? बहुतेक आयांच्या मनातही हा प्रश्न असतो. नेत्रतज्ज्ञांचं म्हणणं असं की फोटोग्राफीच्या नेहमीच्या फ्लॅशने बाळाच्या डोळ्यांना इजा होत नाही. वर माझ्या पद्धतीत फ्लॅश मोठ्या सॉफ्टबॉक्सच्या दोन कापडांआड असतो आणि आपल्या ताकदीच्या अगदी लहानशा हिश्श्यावर चालतो. तरी बाळ दिवसांआधी जन्मलेलं असेल किंवा डोळ्यांची तपासणी चालू असेल तर मी बाळाच्या डॉक्टरांना विचारून घ्यायला सांगते. आणि उघडा फ्लॅश, सॉफ्टबॉक्सशिवाय, बाळाच्या तोंडावर कधीच मारत नाही. त्यात सौंदर्यही नाही आणि गरजही नाही.

माझा अनुभव असा की गाढ झोपलेलं बाळ फ्लॅशला दाद देत नाही. ते दचकतं आवाजाला आणि अंगाखालचा आधार हलल्याला. म्हणून फ्लॅश घेताना मी पहिल्यांदा विचारलं ते हे, की पुन्हा चार्ज झाल्यावर होणारा ‘बीप’ बंद करता येतो का. जवळजवळ सगळ्यांत येतो, पण मेनूत कुठे आहे ते बाळ येण्याआधी शोधून ठेवावं.

आता या सगळ्या निवडीतला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, ज्याबद्दल विकणारा बोलत नाही: फ्लॅश किती जोरात पेटतो त्यापेक्षा तो किती मंद पेटू शकतो हे पाहावं.

फ्लॅशची ताकद वॅट-सेकंदात मोजतात. ४०० वॅट-सेकंदाचा लाइट २०० पेक्षा चांगला, असं कोणालाही वाटेल. थोडी सवलत दिली की दुकानदार तोच पुढे करतो. मी मात्र दोन्हींच्या माहितीपत्रकातली खालची ओळ पाहिली. ४०० वाला पूर्ण ताकदीच्या जास्तीत जास्त १/३२ पर्यंतच खाली येत होता, म्हणजे १२.५ वॅट-सेकंद. २०० वाला १/१२८ पर्यंत यायचा, म्हणजे जेमतेम दीड. या दोन तळांमध्ये आठपट, म्हणजे पूर्ण तीन स्टॉपचा फरक आहे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). बाळाच्या फोटोत लाइट सव्वा मीटरवर असतो आणि अॅपर्चर उघडं. ४०० वाला लावून पाहिला तेव्हा सगळ्यात कमी ताकदीवरही आयएसओ १००ला एफ/४ येत होतं. त्याहून उघडं अॅपर्चर वापरायचं तर फोटो पांढरा पडणार, किंवा भिंगावर काळसर एनडी फिल्टर चढवावा लागणार. २०० वाल्यावर मी आयएसओ २००, एफ/४ला १/३२वर होते आणि खाली अजून दोन स्टॉप शिल्लक होते. कधी बाळाच्या फक्त पावलांचा स्वप्नाळू, धूसर फोटो एफ/२ला काढावासा वाटला तर ती मोकळीक मला हवी होती.

कमी ताकदीवर चालवण्याचे आणखी फायदे आहेत. फ्लॅश लगेच पुन्हा तयार होतो, म्हणजे झोपेत उमटणारं ते क्षणभराचं हसू निसटत नाही. बॅटरी सेशन संपेपर्यंत आरामात पुरते. एक खाचखळगा मात्र आहे. काही फ्लॅश ताकद कमी करण्यासाठी आतला व्होल्टेज उतरवतात, त्यांचा प्रकाश कमी ताकदीवर किंचित तांबूस होतो. जे चमक मध्येच तोडून ताकद कमी करतात, ज्यांना आयजीबीटी पद्धतीचे म्हणतात, त्यांची चमक कमी ताकदीवर अधिक आखूड होते आणि रंग किंचित निळसर झुकतो. सेशनभर एकाच ताकदीवर राहायचं आणि ग्रे कार्डवरून (राखाडी पुठ्ठ्यावरून) व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, एकदा ठरवून टाकायचा, की दोन्ही प्रकार चालतात.

मी २०० वॅट-सेकंदाचा बॅटरीवर चालणारा छोटा फ्लॅश घेतला. बॅटरीचा आग्रह धरला, कारण जमिनीवर वायर नको होती. बाळाला उचलून ये-जा करणारी आई, अंधूक खोली आणि पायात येणारी वायर, हे तिन्ही एकत्र नकोच. कॅमेऱ्यावरून फ्लॅश पेटवणारा ट्रिगर त्याच कंपनीचा आणि माझ्या कॅमेऱ्याच्या हॉट शूला (डोक्यावरच्या खाचेला) बसणारा घेतला. ट्रिगर कॅमेऱ्यागणिक वेगळे येतात, ते पाहूनच घ्यावेत. टीटीएलसाठी, म्हणजे भिंगातून प्रकाश मोजून फ्लॅशची ताकद आपोआप ठरवणाऱ्या सोयीसाठी, जास्त पैसे मोजायची गरज मला वाटली नाही. टीटीएल दर फोटोला प्रकाशाचा हिशेब नव्याने मांडतो. पांढरं दुपटं बदलून काळं घातलं की त्याचा अंदाज बदलतो, आणि मला तर प्रकाश अजिबात न बदलणारा हवा होता. मॅन्युअल, एकदा ठरवलं की ठरवलं.

ज्यांच्याकडे कॅमेऱ्यावर लावायचा साधा स्पीडलाइट आधीच आहे त्यांनी लगेच काही घेऊ नये, असं मी म्हणेन. पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून तो पेटवला की भिंतच मोठा सॉफ्टबॉक्स होते. फक्त भिंत खरोखर पांढरी हवी. माझ्या खोलीच्या भिंती फिक्या हिरव्या आहेत; तिथे उसळून आलेला प्रकाश बाळाच्या गालाला आजारी रंग देतो. मी एका भिंतीवर पांढरी चादर घट्ट ताणून लावली आणि तो प्रश्न मिटला.

लाइटपेक्षा मी जास्त वेळ घालवला तो सॉफ्टबॉक्सवर, आणि तसाच घालवायला हवा. मऊपणा दिव्यात नसतो. प्रकाश ज्या पृष्ठभागातून बाळावर येतो तो बाळाच्या तुलनेत किती मोठा आणि किती जवळ, यावर तो ठरतो. महागडा फ्लॅश ४० सेंटीमीटरच्या डब्यात घातला आणि साधा फ्लॅश १२० सेंटीमीटरच्या ऑक्टात, म्हणजे अष्टकोनी सॉफ्टबॉक्समध्ये, घातला, तर बाळाच्या गालावर दुसराच जिंकणार.

छत्रीपासून सुरुवात केली, कारण ती स्वस्त, हलकी आणि क्षणात उघडते. आरपार पांढऱ्या छत्रीतून मऊ प्रकाश येतो खरा, पण तो सगळीकडे सांडतो: भिंतींवर, छतावर, माझ्या अंगावरच्या कपड्यांवर. तिथून उसळून तो परत बाळावर येतो आणि सावल्या भरून टाकतो. चेहरा सपाट दिसतो. मोठ्या, पांढऱ्या भिंतींच्या खोलीत छत्री चालेल. माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत प्रकाशाला वळण लावणारा सॉफ्टबॉक्सच हवा होता.

१५० सेंटीमीटरचा ऑक्टा लावून पाहिला. प्रकाश सुरेख, पण स्टँडवर चढवला की छताला टेकायचा, आणि बाळ व ऑक्टा यांच्यामध्ये शिरायला मला जागाच राहत नव्हती. ९० सेंटीमीटरचा नुसत्या बाळाला पुरतो, पण आईच्या कुशीतलं बाळ घ्यायचं झालं की आईच्या चेहऱ्यावर सावल्या कडक होतात. १२०वर येऊन थांबले. आत एक आणि बाहेर एक अशी दोन कापडं असलेलाच घेतला. ते एक कापड किती फरक करतं हे पाहायची सोपी रीत आहे: कॅमेरा सॉफ्टबॉक्सकडेच वळवायचा, एक्स्पोजर खूप कमी करायचं आणि पेटलेल्या सॉफ्टबॉक्सचाच फोटो काढायचा. आतलं कापड नसेल तर मधोमध पांढरा डाग आणि कडा अंधाऱ्या दिसतात, म्हणजे १२० सेंटीमीटरच्या पैशात आपण ५० सेंटीमीटरचा प्रकाश वापरतोय. मी दुकानातच हा फोटो काढून पाहिला. स्पीडलाइट वापरणाऱ्यांनी तर ही चाचणी जरूर करावी, कारण त्याचा झोत अरुंद असतो आणि मध्येच साठतो.

सॉफ्टबॉक्स आणि लाइट जोडणारी कडी कुठल्या पद्धतीची आहे तेही पाहायला हवं. बोवेन्स माउंट सगळ्यात जास्त चालतो. ती ब्रिटिश कंपनी २०१७ साली बंद झाली, पण तिचा तीन कानांचा माउंट इतर असंख्य कंपन्यांनी उचलला आणि आज तोच जवळपास सार्वत्रिक आहे. प्रोफोटो, एलिंक्रोम यांचे आपापले वेगळे माउंट असतात. सुरुवात करणाऱ्याने बोवेन्स घ्यावा. उद्या लाइट बदलला तरी सॉफ्टबॉक्स तोच राहतो. माझ्या छोट्या फ्लॅशला तो बसवायला बोवेन्सचा ब्रॅकेट लागला.

पुढचा प्रश्न अंतराचा. जितका जवळ तितका मऊ, म्हणून लाइट अगदी बाळाजवळ आणायचा मोह होतो. पण प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. डोकं ६० सेंटीमीटरवर आणि पावलं १ मीटरवर असतील तर डोक्यावर पावलांच्या जवळजवळ पावणेतीन पट प्रकाश पडतो. लाइट मागे नेऊन डोकं १.२ मीटरवर आणि पावलं १.६ मीटरवर ठेवली तर तो फरक पावणेदोन पटीच्या आसपास येतो. मोठ्या सॉफ्टबॉक्सला हे गणित अगदी काटेकोर लागू पडत नाही, उतार थोडा सौम्य असतो, पण दिशा तीच. साधारण सॉफ्टबॉक्सच्या व्यासाइतकं अंतर मला बरं वाटलं. त्यात मऊपणाही राहतो आणि पावलं अंधारात बुडत नाहीत.

शिवाय सॉफ्टबॉक्स थेट बाळाकडे रोखायचा नाही. तो जरा वळवून असा ठेवायचा की बाळावर फक्त त्याच्या कडेचा प्रकाश यावा. मधला जोरकस भाग बाळाच्या समोरून निघून जातो, पलीकडे ठेवलेल्या पांढऱ्या फोम बोर्डवर आदळतो आणि हलका होऊन परत येतो. एका लाइटमध्ये दोन लाइटचं काम. बाहुलीवर हे करून पाहताना मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही. तोच लाइट, तेच अंतर, फक्त सॉफ्टबॉक्स थोडा वळवला आणि गालाची गोलाई एकदम उमटली.

दिशेबद्दल मी फार आग्रही आहे. प्रकाश बाळाच्या डोक्याकडून पायांकडे वाहायला हवा. कपाळ, मग नाक, मग ओठ, आणि नाकाची सावली ओठाच्या दिशेने हलकीशी खाली. बाळ आडवं असतं, त्यामुळे उभ्या माणसाच्या हिशेबाने लावलेला लाइट सहज हनुवटीच्या बाजूने यायला लागतो. मग नाकपुड्या उजळतात, डोळ्यांच्या वर सावली चढते आणि इवलासा चेहरा भेसूर दिसतो. इतकं गोड बाळ आणि असा प्रकाश, हे पाहवत नाही. यावर उपाय म्हणून बाळाची कूस बदलली की लाइट हलवण्याऐवजी मी बीनबॅगच फिरवते, बाळावर हात ठेवून, अगदी हळू. लाइटचं आणि बीनबॅगचं ठिकाण जमिनीवर चिकटपट्टीने आखून ठेवलं आहे. कंपोझिटसाठी, म्हणजे दोन फोटो जोडून एक करायला, तर हे वरदान आहे, कारण कितीही वेळ मध्ये गेला तरी प्रकाश जिथल्या तिथे असतो.

स्टँडबद्दल तडजोड करू नये. सुरुवातीच्या संचांबरोबर येणारे काटकुळे स्टँड १२० सेंटीमीटरच्या ऑक्टाखाली डोलतात, आणि ऑक्टा म्हणजे शिडासारखा. दार जोरात उघडलं तरी हलतो. मी लाइटमध्ये वाचवलेले पैसे जाड नळीच्या भक्कम स्टँडवर घातले. तीन पायांतला एक पाय लाइट ज्या बाजूला झुकतो त्या दिशेला ठेवायचा, पाय पूर्ण फाकवायचे आणि त्यावर वाळूची पिशवी टाकायची. पिशवी पायावर विसावलेली हवी, हवेत लोंबकळणारी नको. बूम आर्म लावून बाळाच्या बरोबर डोक्यावर लाइट टांगलेले फोटो पाहण्यात येतात. मी ते करत नाही. स्क्रू ढिला झाला तर खाली काय आहे, एवढा एकच विचार मला पुरतो. लाइट नेहमी बाजूला, आणि पडलाच तर बीनबॅगवर पडणार नाही इतका.

खोलीतल्या उजेडाची गल्लतही आधीच काढून टाकावी. पिवळा बल्ब २७०० ते ३००० केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप), फ्लॅश ५५०० ते ५६०० केल्विनचा. दोन्ही मिसळले की बाळाचा एक गाल पिवळा आणि एक निळा. मी फ्लॅश बंद ठेवून ठरलेल्या सेटिंगवर, म्हणजे १/१६०, एफ/४, आयएसओ २००ला एक फोटो काढते. तो जवळजवळ काळा आला म्हणजे खोलीचा दिवा फोटोत शिरत नाही. मग तो मंद दिवा आईला दिसावं, मला फोकस करता यावा, म्हणून बिनधास्त चालू ठेवता येतो.

रंगाचा एवढा बाऊ का, तर नवजात त्वचेमुळे. पूर्ण दिवसांच्या साधारण ६० टक्के बाळांना पहिल्या आठवड्यात थोडीफार कावीळ दिसते, म्हणजे नेमकी आपल्या फोटोंच्या दिवसांत. जोडीला हातपाय जांभळट, नाकावर लाल चट्टे, कुठे साल निघालेली. प्रकाशाचा रंग पक्का असेल तर त्वचेचा पिवळेपणा तेवढा ओळखून हलक्या हाताने कमी करता येतो. प्रकाशच दोन रंगांचा असेल तर पिवळं त्वचेचं की बल्बचं, हे संगणकावर बसून सांगता येत नाही. झेनॉन नळीच्या फ्लॅशचा प्रकाश रंगांच्या बाबतीत भरलेला असतो, त्यामुळे आर९ची चिंताही इथे उरली नाही.

पहिलं खरं सेशन माझ्या मावसबहिणीच्या मुलीचं केलं. “ताई, ती झोपेतून दचकणार नाही ना?” तिने विचारलं. मी म्हटलं, “आधी तू बस सॉफ्टबॉक्ससमोर.” तिचा एक फोटो काढला. तिला वाटलं होतं डोळे दिपतील. तिने फक्त पापणी लववली. मग आधी दूरच्या भिंतीकडे तोंड करून दोन-तीनदा फ्लॅश पेटवला, बाळाने हूं की चूं केलं नाही, आणि तेव्हाच सॉफ्टबॉक्स जागेवर आणला. हा क्रम मी आजही पाळते, आई निवांत झाली की बाळही निवांत राहतं. हनुवटी हातांवर टेकलेला फोटो त्या दिवशी घेतला. एकदा बहिणीने डोकं धरलं, मग मनगटं. दोन्ही फोटो एकमेकांवर ठेवले तेव्हा सावल्यांचा केसभरही फरक नव्हता. जोडायला काही मिनिटं लागली.

दुसरा लाइट अजून घेतलेला नाही. पार्श्वभूमीच्या कापडाला वेगळा प्रकाश देणं, केसांना मागून कड देणं, हे सगळं करता येतं, पण झोपलेल्या नवजात बाळाला त्याची गरज मला वाटत नाही. एक लाइट आणि एक फोम बोर्ड पुरतो. सावली गडद हवी असेल तर फोम बोर्ड काढून तिथे काळं कापड उभं करते. गरज पडते ती आईबाबा, मोठं भावंड आणि बाळ असे सगळे एकत्र असताना. तेव्हा १२० सेंटीमीटरचा ऑक्टा मागे न्यावा लागतो आणि प्रकाश कडक होतो. त्यासाठी १८० सेंटीमीटरची, पुढे पांढरं कापड लावता येणारी मोठी छत्री पाहून ठेवली आहे. फ्लॅश तोच राहील. घडी करून दारामागे उभी राहते का, तेवढं मोजून पाहायचं आहे.